खडा ठेवण्याआधी तीन जागा पाहा

जुन्नरहून पश्चिमेला नाणेघाटाकडे जाणारी वाट सातवाहनांच्या काळापासून वाहती आहे. कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल याच घाटाने वर चढत असे. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. नागनिकेच्या ब्राह्मी लेखाचे लेणे आहे, आणि त्या लेखात दानाचे आकडेही कोरलेले आहेत. जुन्नर परिसरातल्या बौद्ध लेण्यांच्या लेखांत धान्य विकणारे, बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे अशा कष्टकऱ्यांच्या श्रेणींची नावे येतात. ही कष्टाची माणसे या वाटेने येत-जात होती. चढून आल्यावर दमत होती आणि दम खायला बसत होती.

बसल्यावर ती काय करत, याचा पुरावा नाणेघाटाच्या कातळावर आहे. तिथे दगडात पटखेळांचे पट कोरलेले आहेत. खड्ड्यांच्या समोरासमोर दोन रांगा, एकेका खड्ड्यातल्या बिया उचलून पुढच्या खड्ड्यांत वाटत जायच्या, असा तो खेळ. जगात त्याला मंकाला म्हणतात. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना नवकांकरी आणि वाघ-बकरी आजही ठाऊक आहे. कोळशाने जमिनीवर रेघा ओढायच्या, खडे गोळा करायचे, की पट तयार.

या सगळ्या खेळांत एक क्षण सारखाच येतो. पाळी आपली असते, समोर दोन-तीन जागा दिसतात आणि खडा एकाच जागी ठेवायचा असतो. तो कुठे ठेवावा, हे ठरवायचे कसे? हा प्रश्न जगात ज्या खेळात सर्वांत खोलवर विचारला गेला, तो ‘गो’ नावाचा पटखेळ आज आपण समजून घेणार आहोत. विषय खेळाचा असला तरी आमचे लक्ष पटाच्या पलीकडे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खेळ आणि जुगार यांत फरक

धम्माच्या घरात खेळाची भलावण कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, श्रमणांनी ज्यांपासून दूर राहावे अशा खेळांची यादी आहे. त्यात ‘अट्ठपद’ म्हणजे आठ घरांच्या ओळींचा पट आणि ‘दसपद’ म्हणजे दहा घरांच्या ओळींचा पट आहे. ही यादी भिक्खूजीवनासाठी आहे आणि तिथे कारणही दिले आहे: हे खेळ प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे स्थान होतात. संसारी माणसांसाठीचा उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. तिथे जुगाराचे सहा तोटे मोजून दाखवले आहेत. जिंकला तर वैर वाढते, हरला तर शोक होतो, धन जाते, सभेत शब्दाला किंमत उरत नाही, मित्र तुच्छ मानतात आणि सोयरीक करायला कुणी पुढे येत नाही. यात्रेतल्या पत्त्यांच्या अड्ड्यावर आणि मटक्याच्या चिठ्ठीवर ज्यांचा पगार गेला, त्यांच्या घरच्या बायाबापड्यांना हे सहाही तोटे तोंडपाठ आहेत.

पण त्याच ब्रह्मजाल सुत्ताच्या यादीत आणखी दोन नावे आहेत. एक ‘आकास’, म्हणजे समोर पट न मांडता तो मनात धरून खेळणे. दुसरे ‘मनेसिक’, म्हणजे समोरच्याच्या मनातले ओळखणे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना या दोन गोष्टी अवगत होत्या, आणि खेळी निवडण्याचे सगळे शास्त्र याच दोन गोष्टींत आहे: पुढचा पट मनात मांडणे आणि समोरचा काय करील ते ओळखणे. फासा नाही, पैसा नाही, नशीब नाही. अशा खेळाने बेसावधपणा वाढत नाही, उलट सावधपणा अंगी लागतो, आणि सावधपणालाच आपण अप्रमाद म्हणतो. वेळेची मर्यादा मात्र हवी. अभ्यास आणि कामधंदा बुडवून खेळलेला कोणताही खेळ प्रमादच.

राजा नसलेला खेळ

गो हा खेळ चीनमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वीपासून खेळला जातो. चीनमध्ये त्याला वेइची, कोरियात बादुक आणि जपानमध्ये गो किंवा इगो म्हणतात. बौद्ध जगाशी त्याचे नाते जुने आहे. चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत ज्या हजारो पोथ्या सापडल्या, त्यांत या खेळावरची एक पोथी होती. सहाव्या शतकातली मानली जाणारी ही पोथी आज लंडनमध्ये आहे आणि या खेळावरची ती सर्वांत जुनी उपलब्ध पोथी समजली जाते. जपानमधल्या नारा शहरी तोदाइजी या बौद्ध विहाराचे शोसोइन नावाचे कोठार आहे. तिथे आठव्या शतकातला गोचा पट जतन केला आहे. होनिन्बो सान्सा (१५५९ ते १६२३) हा क्योतोच्या एका विहारातला भिक्खू, आणि जपानमधल्या सर्वांत नामांकित गो-घराण्याचा पहिला पुरुष तोच. विहारातल्या त्याच्या निवासाचे नाव घराण्याला लागले आणि आज ते जपानमधल्या एका मानाच्या स्पर्धेच्या किताबाचे नाव आहे.

बुद्धिबळ आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकून महाराष्ट्राची मान उंच केली. बुद्धिबळाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण त्या पटावर राजा, वजीर, हत्ती, प्यादे अशी उतरंड असते आणि राजासाठी प्यादे खर्ची पडते. गोमध्ये सगळे खडे सारखे. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात पट मांडलेला पाहून एका आजींनी विचारले, “बाळा, यातला राजा कुठला रे?” आठवीतल्या मुलाने सांगितले, “आजी, यात राजाच नाही. सगळे खडे सारखेच.” आजी म्हणाल्या, “मग बरा हाय खेळ.” खड्याची किंमत तो कुठे उभा आहे आणि त्याला सोबत कुणाची आहे, यावर ठरते, जन्माने काही ठरत नाही.

घरी पट कसा करावा

मोठ्या पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात, म्हणजे ३६१ बिंदू. शिकणाऱ्याने ९ रेघांचा पट घ्यावा. एखाद्या पुठ्ठ्यावर ९ उभ्या आणि ९ आडव्या रेघा आखल्या की ८१ बिंदू होतात. काळ्यासाठी चिंचोके आणि पांढऱ्यासाठी वाल, किंवा दोन रंगांची शर्टाची बटणे, प्रत्येकी चाळीस पुरतात. खर्च शून्य.

नियम थोडे आहेत. काळा पहिला, मग आळीपाळीने एकेक खडा. खडा घरात नाही, रेघांच्या छेदावर ठेवायचा. एकदा ठेवलेला खडा हलत नाही. खड्याला लागून रेघेवर जे रिकामे बिंदू असतात, त्यांना आपण वाटा म्हणू. मध्ये ठेवलेल्या एकट्या खड्याला चार वाटा असतात, कडेला तीन आणि कोपऱ्यात दोन. रेघेने जोडलेले एका रंगाचे खडे एक कुटुंब होते आणि त्यांच्या वाटा सामाईक असतात. सगळ्या वाटा शत्रूच्या खड्यांनी बंद केल्या की ते कुटुंब पटावरून उचलले जाते. वाघ-बकरी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. बकऱ्या मिळून वाघाला कोंडतात, तसेच हे कोंडणे. फरक इतकाच, की इथे दोन्ही बाजू बकऱ्यांच्याच आहेत आणि एकीवाचून कुणाचाही निभाव नाही.

जिथे एकही वाट उरत नाही तिथे आपला खडा ठेवता येत नाही; मात्र त्या खड्याने समोरच्याचे खडे पकडले जात असतील तर चालते. ज्याने पट पुन्हा तंतोतंत पहिल्यासारखा होईल अशी उलट मार लगेच करता येत नाही. ज्या कुटुंबाच्या पोटात दोन वेगवेगळी रिकामी घरे सुरक्षित आहेत, ते कधीच मरत नाही. दोघांनाही खेळण्यासारखे काही उरले नाही की डाव संपतो. आपण वेढलेले रिकामे बिंदू अधिक आपण पकडलेले खडे, ही आपली जमा. ज्याची जमा जास्त, तो जिंकला.

कचेरीतला एक साधा नियम

आम्ही पेशाने कारकून. कचेरीत कपाट घ्यायचे असो की कागदाची रिमे, एका दुकानदाराचा भाव पाहून खरेदी होत नाही. तीन कोटेशने मागवावी लागतात. तिन्ही समोर ठेवून तुलनेचा तक्ता करायचा, आणि मग सही. पहिले कोटेशन वाईटच असते असे नाही. पण दुसरे पाहिल्याशिवाय पहिले चांगले की वाईट, हे कळत नाही.

पटावर मुले नेमके हेच करत नाहीत. जिथे नजर गेली तिथे खडा ठेवला, असे होते. समोरच्याने जिथे खडा ठेवला त्याच्या शेजारीच आपला ठेवायचा, ही दुसरी सवय. जणू पटाचा उरलेला भाग अस्तित्वातच नाही! म्हणून आमच्या वर्गात आम्ही एक शिस्त घालून दिली. खडा हातात घेण्याआधी बोटाने तीन जागा दाखवायच्या आणि प्रत्येक जागेबद्दल चार प्रश्नांची उत्तरे द्यायची.

पहिला प्रश्न तातडीचा. माझे कुठले कुटुंब मरणाच्या दारात आहे का, किंवा समोरच्याचे आहे का? गो खेळणाऱ्यांत जुनी शिकवण आहे, की आधी तातडीचे पाहावे, मग मोठे. घराला आग लागली असताना शेताची मोजणी करत नाहीत.

दुसरा प्रश्न आकाराचा. या खेळीने मला किती मिळते आणि समोरच्याचे किती जाते? खडा पकडला गेला तर एक खडा जातो आणि त्याच्या खालची जागाही जाते, म्हणजे एका खड्यामागे दोनाचा हिशेब. दोन खडे वाचवणारी खेळी साधारण चाराची झाली. कोपऱ्यात सहा-सात जागा वेढणारी खेळी दिसायला शांत असते, पण हिशेबात ती मोठी.

तिसरा प्रश्न पाळीचा. ही खेळी केल्यावर समोरच्याला इथेच उत्तर द्यावे लागेल, की तो ती सोडून दुसरीकडे जाऊ शकेल? उत्तर द्यावेच लागेल अशी खेळी केली तर पाळी पुन्हा आपल्याकडे येते. जपानी खेळाडू हिला सेन्ते म्हणतात. सारख्याच आकाराच्या दोन खेळ्या असतील आणि त्यांतली एक पाळी परत आणणारी असेल, तर ती आधी.

चौथा प्रश्न समोरच्याचा. त्याचे सर्वांत चांगले उत्तर कोणते? शिकणारा माणूस समोरचा चुकेल असे धरून खेळतो. “मी इथे ठेवला की तो तिथे ठेवील, मग मी त्याला पकडीन!” पण तो तिथे का ठेवील? त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्याशिवाय आपली खेळी पुरी होत नाही.

चार प्रश्न विचारून दोन जागा अगदी सारख्या निघाल्या, तर? तर बहुतेक वेळा घाई नको. त्याने एक घेतली तर दुसरी आपल्याला मिळणार आहे, मग आज तिथे खडा कशाला खर्चायचा? तो तिसऱ्या जागी वापरावा. आणि ज्याचा ताळेबंद पुढे आहे त्याने साधी, सुरक्षित खेळी निवडावी. जो मागे आहे त्यालाच धाडस करण्याचे कारण असते.

शिडीचा धडा

आता एक डाव प्रत्यक्ष मांडून पाहा. ९ रेघांचा पट घ्या. पहिला आकडा डावीकडून मोजायचा, दुसरा खालून. काळा खडा ३-३ वर ठेवा. पांढरे चार खडे ठेवा: २-३, ३-२, ४-२ आणि ३-४. बाकी पट रिकामा. काळे आपण, आणि पाळी आपली.

काळ्याला एकच वाट उरली आहे, ४-३. आता तीन जागा सुचतात.

पहिली जागा ४-३. कुणाचाही हात आधी तिथेच जातो, कारण आपला खडा मरतो आहे, त्याला बाहेर काढले पाहिजे. काढून पाहा. काळा ४-३ वर आला की पांढरा ५-३ वर ठेवतो आणि पुन्हा एकच वाट उरते. काळा ४-४, पांढरा ४-५. काळा ५-४, पांढरा ६-४. काळा ५-५, पांढरा ५-६. काळा ६-५, पांढरा ७-५. काळा ६-६, पांढरा ६-७. काळा ७-६, पांढरा ८-६. काळा ७-७, पांढरा ७-८. काळा ८-७, पांढरा ९-७. काळा ८-८, पांढरा ८-९. काळा ९-८, आणि पांढरा ९-९. पट संपला, पळायला जागा नाही, आणि सगळे खडे गेले.

हिला शिडी म्हणतात, कारण खड्यांची रांग शिडीच्या पायऱ्यांसारखी तिरपी चढत जाते. हिशेब मांडा. वाचवायचा होता एक खडा. त्यासाठी आणखी अकरा ओतले आणि बारा गेले. बारा खडे आणि त्यांच्या खालच्या बारा जागा, म्हणजे चोवीस. पटावर बिंदूच एकूण ८१. आणि लक्षात घ्या, अकराही वेळा खेळी करताना मनाला असेच वाटत होते, की आता इतके घातले आहे, ते वाया कसे जाऊ द्यायचे? वाट एक-एकदाच दिसत होती, पण शिडीचा शेवट पहिल्या पायरीवरूनही पाहता आला असता.

दुसरी जागा वरच्या डाव्या कोपऱ्यातली, ३-७. एक खडा गेला तर गेला, दोनाचा तोटा सोसू आणि रिकामा कोपरा घेऊ. ही खेळी वाईट नाही. पण समोरचा हुशार असेल तर आपला ३-३ चा खडा तो लगेच उचलणार नाही. तो पळून वाचणार नाहीच हे त्याला ठाऊक आहे. तो वरचा उजवा कोपरा घेईल.

तिसरी जागा वरच्या उजव्या कोपऱ्यातली, ७-७. ही जागा शिडीच्या वाटेवर आहे. इथे आपला खडा आधीच उभा असेल तर ४-३ वरून पळत निघालेला काळा ७-६ ला पोहोचताच आपल्या माणसाला जाऊन मिळतो, एकाच्या तीन वाटा होतात आणि पांढऱ्याची फळी फुटते. म्हणजे ७-७ ही खेळी कोपराही धरते आणि तिकडे लांब ३-३ च्या खड्यालाही दम देते. पांढऱ्याला आता ४-३ वर खडा ठेवून तो एक खडा उचलावाच लागतो. त्यात आपले दोन जातात. पण पाळी आपल्याकडे येते आणि त्या कोपऱ्यात आपण लागोपाठ दुसरा खडा ठेवतो.

आता तक्ता समोर ठेवा. पहिली खेळी: तोटा चोवीस. दुसरी: तोटा दोन, नफा एक कोपरा, पण पाळी समोरच्याची. तिसरी: तोटा दोन, कोपऱ्यात दोन खडे. तीन कोटेशने नसती तर आपण पहिल्यावरच सही केली असती.

यातली मुख्य गोष्ट अशी, की ४-३ ही खेळी मुळात चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ७-७ वर आपला खडा असेल तर ती वाचवते, नसेल तर बुडवते. म्हणून पळण्याआधी विचारायचे: पुढे आपला खडा आहे का? नसेल, तर आधी तो ठेवता येईल का?

यंत्रानेही हेच केले

९ ते १५ मार्च २०१६ या दिवसांत दक्षिण कोरियातल्या सोल शहरी ली सेडोल हा जगातल्या अव्वल गो खेळाडूंपैकी एक अल्फागो या संगणकाविरुद्ध पाच डाव खेळला. चार डाव संगणकाने जिंकले, एक लीने. बुद्धिबळात संगणकाने जगज्जेत्याला १९९७ सालीच हरवले होते, पण गोमध्ये माणूस आणखी बराच काळ टिकेल असे जाणकारांना वाटत होते. कारण साधे आहे. मोठ्या पटावर नियमात बसणाऱ्या मांडण्यांची संख्या १७१ आकडी भरते. सगळ्या तपासायच्या म्हटले तर कुठल्याही यंत्राला शक्य नाही.

मग अल्फागोने केले काय? त्याने आधी पटावरच्या शेकडो जागांतून विचार करण्याजोग्या मोजक्या जागा बाजूला काढल्या. मग त्यांतल्या प्रत्येकीपुढे डाव मनातल्या मनात चालवून पाहिला. आणि तिथे पोहोचल्यावर कोण जिंकण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज घेतला. मोजक्या जागा, प्रत्येकीचे पुढचे पाहणे आणि तुलना. हा तुलनेचा तक्ताच झाला, फक्त फार वेगाने केलेला.

दुसऱ्या डावात यंत्राची ३७ वी खेळी पाहून जाणकार चक्रावले. माणूस तिथे खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक, असे खुद्द यंत्राच्याच हिशेबात होते. तरीही पुढचे पाहिल्यावर ती जागा त्याला सरस वाटली, आणि तो डाव त्याने जिंकला. चौथ्या डावात लीने ७८ वी खेळी अशी केली, की यंत्राचा हिशेब कोलमडला. तोपर्यंत तो तीन डाव हरला होता आणि सामना हातचा गेला होता. तरीही तो नव्या जागा शोधत राहिला. सवयीची जागा एवढी एकच जागा जगात नसते, हे त्या दोन खेळ्यांनी दाखवले.

पटाबाहेरच्या शिड्या

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले तिकडे येतो. आपल्या समाजाची मुले मोठ्या जिद्दीने शिकत आहेत. पण आपल्या घरांत चुकीची खेळी सोसायला शिल्लक फार नसते. ज्याच्या घरी चार एकर बागायत आहे, त्याचा एक डाव फसला तर दुसरा मांडता येतो. आपल्याकडे एक डाव म्हणजे आईचे मंगळसूत्र, वडिलांचा फंड. म्हणून शिडी ओळखणे आपल्याला जास्त गरजेचे आहे.

पहिली शिडी स्पर्धा परीक्षांची. जुन्नर-आंबेगावची मुले पदवी घेऊन पुण्याला जातात, खोली भाड्याने घेतात, क्लास लावतात. एक वर्ष जाते, दोन जातात. थोड्या गुणांनी हुकते. “आणखी एकच वर्ष, दादा.” दादा कंपनीत जादा पाळी करून पैसे पाठवतो. मग पाचवे वर्ष उजाडते. मुलांनी परीक्षा देऊ नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. द्यावी आणि जिद्दीने द्यावी. पण पहिल्या वर्षीच घरच्यांसोबत बसून ७-७ चा खडा ठरवावा. मराठी-इंग्रजी टंकलेखनाचे प्रमाणपत्र घेतले, एखादा अर्धवेळ हिशेबाचा हात धरला, आयटीआयचा किंवा शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला, तर हा खडा दोन्हीकडे कामाला येतो. परीक्षेत निवड झाली तर उत्तम, नाही झाली तर पळता पळता जाऊन मिळायला आपला माणूस पुढे उभा आहे.

दुसरी शिडी बांधाच्या दाव्याची. हक्काच्या जमिनीसाठी झगडलेच पाहिजे. पण तारखेमागून तारीख, वकिलाच्या फीमागून फी, असे सुरू होण्याआधी विचारावे: पुढे आपला खडा आहे का? सातबारा, जुने फेरफार, भूमी अभिलेख कार्यालयातून करून घेतलेली मोजणी आणि तिचा नकाशा हे ते खडे. हे हाती असतील तर दावा वाचवतो. नसतील तर आधी ते मिळवा, मग कोर्टाची पायरी. आणि समझोत्याचे कोटेशन कुणी दिले असेल तर तेही तक्त्यात मांडा. ते घ्यायचेच असे नाही, पण पाहायचे जरूर.

तिसरी गोष्ट मुलींची. बारावी झाली, स्थळ आले, मुलगा नोकरीला आहे, की पहिल्याच जागी खडा! त्या वेळी बोटाने आणखी दोन जागा दाखवा. परिचारिकेचा अभ्यासक्रम, पदवी, संगणकाचे काम. स्थळ पुन्हा येते. सतराव्या-अठराव्या वर्षी सुटलेले शिक्षण मात्र सहसा परत येत नाही. आणि या तुलनेच्या तक्त्यावर मुलीची स्वतःची सही असली पाहिजे, कारण डाव तिचा आहे.

या तिन्ही ठिकाणी आपले शत्रू दोन. एक, घाई. दुसरा, आजवर घातलेल्याचा मोह. गेलेला खडा गेला. पुढची खेळी ठरवताना त्याचा शोक हिशेबात धरायचा नसतो; उरलेला पट धरायचा असतो. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मनात पहिल्यांदा आलेला विचारही तपासल्याशिवाय मानू नये, असे आम्ही त्याला जोडून म्हणतो.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. पावसाळी संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला घरोघरची माणसे जमतात. वाचन झाल्यावर मुले-मुली अर्धा तास थांबतात. त्या अर्ध्या तासासाठी प्रत्येक विहारात दोन पुठ्ठ्याचे पट आणि दोन डबे, एकात चिंचोके, एकात वाल, एवढे ठेवता येईल. ताई-दादांनी पहिल्या दिवशी शिडीचा डाव मांडून दाखवावा. आई-वडिलांनी शेजारी बसावे, मुलगा खडा उचलील तेव्हा त्याला टोकू नये, फक्त विचारावे, “बाळा, दुसऱ्या दोन जागा कुठल्या?”

हा प्रश्न मुलांना एकदा सवयीचा झाला, की उद्या घरात मोठा निर्णय आला तर तीच मुले तो तुम्हाला विचारतील.